सांध्याचे शिक्षण : विखुरलेल्या गटांच्या सॉफ्टवेअर-प्रकल्पांची एक चिकित्सा

१

सॉफ्टवेअरची रचना एका खोलीत बसलेल्या माणसांनी करणे आणि तीच रचना दोन देशांत विखुरलेल्या माणसांनी करणे, ह्या दोहोंत केवळ मैलांचा फरक आहे, की दुसऱ्या कामाला लागणारी विद्याच निराळी आहे? उद्योगव्यवसायापुढे हा प्रश्न पूर्वीच उभा राहिला होता. विद्यापीठांनी तो विसाव्या शतकाच्या अखेरीस हाती घेतला, आणि त्यांनी दिलेले उत्तर बहुतेक ठिकाणी एकाच स्वरूपाचे आहे. दोन किंवा अधिक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे मिश्र गट करावयाचे, प्रत्येक गटाला एक प्रकल्प द्यावयाचा, सत्राअखेर चालू स्थितीतील सॉफ्टवेअर मागावयाचे, आणि वाटेत भेटणाऱ्या अडचणींतून विद्यार्थ्यांनी शिकावे अशी अपेक्षा ठेवावयाची. ह्या अध्यापनपद्धतीला प्रस्तुत लेखात ‘विखुरलेला गटप्रकल्प’ असे म्हटले आहे. ‘वितरित प्रणाली’ ह्या अभ्यासविषयाशी तिची गल्लत होऊ नये. तेथे यंत्रे विखुरलेली असतात, येथे माणसे.

ह्या प्रयोगांवर गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. ते लेखन प्रामाणिक आहे व उपयुक्तही आहे. परंतु त्याला एक ठरावीक साचा प्राप्त झाला आहे. प्रकल्पाची मांडणी, गटांची रचना, वापरलेली साधने, विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, आणि शेवटी निष्कर्ष असा की संवाद महत्त्वाचा, परस्परविश्वास महत्त्वाचा, संस्कृतिभेदांची जाण महत्त्वाची. हे निष्कर्ष खोटे नाहीत. पण ते काढण्यासाठी प्रयोगाची आवश्यकता होती असे वाटत नाही. दूरच्या माणसाशी नीट बोलावे, एवढे शिकविण्यासाठी दोन विद्यापीठांचे एक सत्र खर्ची घालण्याचे कारण नाही. अंतरामुळे विद्यार्थ्याला असे काय शिकता येते, की जे एका वर्गात बसून शिकता आले नसते, आणि ते तो शिकला की नाही हे परीक्षकाला कळावे कसे, हे खरे प्रश्न आहेत. त्यांच्या कसोटीवर काही प्रमुख प्रयोग तपासून पाहण्याचा येथे विचार आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ह्या प्रकल्पांत शिकण्याजोगी मुख्य गोष्ट म्हणजे दोन ठिकाणच्या कामांमधील सांधा. आणि प्रचलित गुणपद्धती विद्यार्थ्याला नेमका तोच सांधा टाळावयास शिकविते.

२

‘सांधा’ ह्या शब्दाचा अर्थ प्रथम निश्चित केला पाहिजे. व्यवसायात ज्याला इंटरफेस म्हणतात तो ह्यात येतोच : एका घटकाने दुसऱ्याकडून काय मागावे, कोणत्या स्वरूपात मागावे आणि त्याला काय मिळावे, ह्याविषयीचा करार. परंतु सांध्यात कागदावरील कराराखेरीज आणखीही काही असते. त्या कराराचा दोन्ही बाजूंनी लावलेला अर्थ, तो बदलण्याची रीत, आणि तो मोडला गेल्यास ते कोणाच्या व केव्हा लक्षात येईल ह्याची व्यवस्था, हे सर्व मिळून सांधा होतो.

मेल्विन कॉनवे ह्यांनी १९६८ साली ‘डेटामेशन’ मासिकातील लेखात असे प्रतिपादन केले की, एखादी संस्था जी प्रणाली रचते तिच्या घडणीत त्या संस्थेतील संपर्काच्या वाटांचेच प्रतिबिंब उमटते. ज्या दोन घटकांचे कर्ते एकमेकांशी बोलत नाहीत त्या घटकांचा सांधाही नीट बसत नाही. पुढे १९७२ साली डेव्हिड पार्नास ह्यांनी प्रणालीचे भाग कोणत्या निकषावर पाडावेत ह्याची चर्चा केली. कामाच्या क्रमानुसार भाग पाडू नयेत; जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या पोटात झाकून ठेवावा, म्हणजे बदलाचा धक्का शेजारच्या भागाला लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि १९७५ साली फ्रेडरिक ब्रूक्स ह्यांनी आपल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ ह्या ग्रंथात दाखवून दिले की, माणसे वाढली म्हणजे काम वाटले जाते, परंतु त्याचबरोबर त्यांच्यातील देवाणघेवाणीचा खर्च वाढतो. म्हणून रखडलेल्या प्रकल्पात नवी माणसे घातल्याने तो अधिकच रखडतो. ह्या तिन्ही विवेचनांचा विषय एका अर्थी सांधाच आहे.

अंतराचा प्रत्यक्ष परिणाम मोजण्याचे काम नंतर झाले. जेम्स हर्ब्स्लेब व रेबेका ग्रिंटर ह्यांनी १९९९ साली ल्यूसेंट कंपनीतील विभागलेल्या कामाचा अभ्यास करून कॉनवेच्या सिद्धान्ताची फेरतपासणी केली. योजना आणि करारपत्रे कितीही काटेकोर असली, तरी त्यांत न मावणाऱ्या असंख्य बारीकसारीक गोष्टी एरवी जाता-येता बोलण्यातून सुटत असतात. अंतर पडले की ती वाट बंद होते आणि अडचणी जोडणीच्या वेळी एकदम पुढे येतात, असे त्यांना दिसले. हर्ब्स्लेब व ऑड्रिस मॉकस ह्यांच्या २००३ च्या लेखात असे आढळले की, सारख्याच स्वरूपाचे काम एकाहून अधिक ठिकाणी विभागले गेल्यास त्याला सुमारे अडीचपट वेळ लागतो, आणि ह्याचे एक मोठे कारण म्हणजे अशा कामात अधिक माणसे गुंतवावी लागतात.

सांध्याच्या बिघाडाचे सर्वपरिचित उदाहरण अंतराळविज्ञानातील आहे. ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे अमेरिकी यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोहोचताना नष्ट झाले. यानाची बांधणी कोलोरॅडो राज्यातील लॉकहीड मार्टिन कंपनीने केली होती; मार्गनियंत्रण कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीकडे होते. एका बाजूच्या सॉफ्टवेअरने रेट्याचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले. दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरून गणित केले. ही दोन परिमाणे सुमारे ४.४५ पटींनी भिन्न आहेत. ह्या प्रकरणात करारपत्र नव्हते असे मुळीच नाही. न्यूटन-सेकंद वापरावेत असे त्यात नमूद केलेले होते. मार्ग थोडा चुकत असल्याची शंकाही काहींना आली होती. परंतु ती विहित मार्गाने नोंदली जाऊन तडीस गेली नाही. म्हणजे कागद शाबूत होता, सांधा निखळला होता. विखुरलेल्या गटप्रकल्पाने विद्यार्थ्याला जे शिकवावे अशी आमची अपेक्षा आहे, ते ह्या एका उदाहरणात पुरेसे स्पष्ट होते.

३

आता प्रयोगांकडे वळू. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठ आणि अमेरिकेतील मिशिगन राज्यातील ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठ ह्यांनी १९९८ पासून ‘रूनस्टोन’ नावाचा प्रकल्प-अभ्यासक्रम चालविला. प्रत्येक गटात दोन्हीकडचे विद्यार्थी असत. ‘ब्रिओ’चा लाकडी चक्रव्यूह हे स्वीडिश मुलांच्या परिचयाचे खेळणे; त्याचा पाट कलता करून पोलादी गोळी भोकांतून वाचवीत पलीकडे न्यावयाची असते. विद्यार्थ्यांनी हा पाट मोटरींनी कलविणारी, गोळीची जागा कॅमेऱ्याने ओळखणारी आणि दुरून जाळ्यावरून चालविता येणारी प्रणाली रचावयाची होती.

ह्या निवडीचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्याने सांगितलेली जागा, मोटरीला दिलेली आज्ञा आणि जाळ्यावरील विलंब हे तिन्ही परस्परांत इतके गुंतलेले आहेत की, एका भागाचे काम दुसऱ्याकडे दुर्लक्ष करून पुरे करता येत नाही. गोळी भोकात पडली म्हणजे चूक कोणाची हे ठरविण्यासाठी दोन्ही बाजूंना एकत्र बसावे लागते. सांध्याचा अनुभव देण्याच्या दृष्टीने ही निवड उत्कृष्ट म्हटली पाहिजे. उप्सालाच्या अध्यापकांनी, विशेषतः मॅट्स डॅनिएल्स ह्यांनी, पुढे ‘खुल्या टोकाचा गटप्रकल्प’ ही कल्पना मांडली; प्रश्नाचे एकच ठरलेले उत्तर नसावे, आणि प्रश्नाची सीमा कोठे आखावी हाही निर्णय विद्यार्थ्यांनी घ्यावा, असा तिचा आशय आहे.

रूनस्टोनवरील सर्वांत मोलाचे विवेचन अँडर्स बर्ग्लुंड ह्यांच्या २००५ च्या उप्साला येथील प्रबंधात आहे, कारण तो यशापयशाची मोजदाद करीत नाही. विद्यार्थी नेमके काय समजला, हे विचारतो. जाळ्यावरील एकाच संदेशनियमाकडे काही विद्यार्थी दोन यंत्रांतील बोलणे म्हणून पाहत होते, तर काहींना तो व्यापक जाळ्याचा वा मानवनिर्मित मानकाचा भाग म्हणून दिसत होता, असे भेद त्यांनी उलगडून दाखविले. अभ्यासक्रमाला येण्याचे हेतूही निरनिराळे होते : कोणाला शैक्षणिक यश हवे होते, कोणाला गटात काम करण्याची क्षमता, कोणाला माणसांत वावरण्याचे कौशल्य. ह्यातून निघणारा निष्कर्ष गुणपद्धतीच्या दृष्टीने अडचणीचा आहे. एकाच गटाने, एकच सॉफ्टवेअर रचून, एकच गुण मिळवूनही सहा विद्यार्थी सहा निरनिराळ्या गोष्टी शिकून बाहेर पडू शकतात.

दुसरा प्रयोग झाग्रेब विद्यापीठ आणि स्वीडनमधील व्हेस्टेरोस येथील मेलार्डालेन विद्यापीठ ह्यांचा. २००३ पासून त्यांनी ‘वितरित सॉफ्टवेअर-विकसन’ हा समाईक अभ्यासक्रम चालविला. पुढे मिलानच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाचाही त्याच्याशी संबंध आला. व्याख्याने दृक्‌श्राव्य संपर्काने दोन्हीकडे एकाच वेळी होत. गटाचा प्रमुख एका ठिकाणी असल्यास दुसऱ्या ठिकाणी त्याच्या जोडीचा नायक नेमला जाई. ही योजना सुविचारित आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना उत्तरदायी माणूस असावा, हे तत्त्व तिच्यात आहे. परंतु क्रोएशिया आणि स्वीडन ह्यांच्या घड्याळांत फरक नाही. सकाळी दहा वाजता पडलेला प्रश्न सकाळी दहालाच विचारता येतो. उप्साला आणि मिशिगन ह्यांच्यात सहा तासांचे अंतर आहे; तेथे दुपारनंतर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुसऱ्या दिवशी हाती पडते. हे दोन्ही प्रयोग ‘अंतर’ ह्या एकाच नावाखाली चर्चिले जातात. वस्तुतः जागेचे अंतर, वेळेचे अंतर, भाषासंस्कृतीचे अंतर आणि संस्थेच्या नियमांचे अंतर ही चार निराळी अंतरे आहेत. अमुक अभ्यासक्रमाने ह्यांपैकी कोणते शिकविले हे सांगितल्यावाचून त्याचे निष्कर्ष दुसरीकडे लागू करणे धोक्याचे ठरते.

तिसरा प्रयोग झ्युरिकच्या ‘ईटीएच’ ह्या तंत्रविद्यापीठाचा. बर्ट्रांड मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो सुरू केला. मिलान, निझ्नी नोव्हगोरॉद, ओडेसा, हनोई अशा अनेक ठिकाणची विद्यापीठे त्यात सहभागी झाली. त्याचे ‘डोस’ हे संक्षिप्त नाव ‘वितरित व बाहेर सोपविलेली सॉफ्टवेअर-अभियांत्रिकी’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांपासून बनलेले आहे. बाहेर सोपविलेल्या कामाचा उल्लेख नावातच असणे हा एक प्रकारचा स्पष्टवक्तेपणा आहे. त्याचा विचार पुढे येईल. सैद्धान्तिक दृष्ट्या ह्या प्रयोगाचे वैशिष्ट्य म्हणजे मेयर ह्यांची ‘करारानुसार रचना’ ही कल्पना. आयफेल ह्या त्यांच्या भाषेत प्रत्येक क्रियेची पूर्वअट व उत्तरअट कोडमध्येच लिहिता येते, आणि कार्यक्रम चालू असता ती मोडली गेल्यास यंत्रच तसे सांगते. सांधा कागदावरून काढून यंत्राच्या नजरेखाली ठेवण्याची ही युक्ती आहे. मंगळयानाच्या प्रकरणात तिचा उपयोग झाला असता, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु तिची मर्यादाही दिसते. पूर्वअट व उत्तरअट सांगते ती कराराचा भंग झाला की नाही एवढेच. करारच चुकीचा होता, किंवा दोन बाजूंना त्यातील शब्दांचे निराळे अर्थ अभिप्रेत होते, हे ती सांगू शकत नाही. एका गटाच्या मनात ‘नोंदणीकृत ग्राहक’ म्हणजे नाव दिलेला माणूस, आणि दुसऱ्याच्या मनात पैसे भरलेला माणूस, असे असेल, तर दोन्हींकडच्या अटी पाळल्या जाऊनही प्रणाली चुकीची होईल.

४

ह्या तिन्ही प्रयोगांत, आणि त्यांच्या नमुन्यावर अन्यत्र झालेल्या प्रयोगांत, एक गोष्ट सारखीच घडण्याचा संभव असतो, आणि तिच्याकडे टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. चतुर विद्यार्थी पहिल्या काही दिवसांतच ओळखतो की, दूरच्या सहाध्यायाशी एक निर्णय ठरवावयास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात शेजारी बसलेल्या मित्राबरोबर पाच निर्णय होतात. मग तो कामाची वाटणी अशी करतो की, दूरच्याशी बोलण्याची गरजच पडू नये. पडद्यावरील दर्शनी भाग तुमचा, माहितीसाठा आमचा. मध्ये एक पानभर करार लिहिला जातो. त्यानंतर सहा-आठ आठवडे दोन्ही बाजू आपापल्या गावी स्वस्थपणे काम करतात. साप्ताहिक बैठका होतात आणि ‘काम ठीक चालले आहे’ असे त्यांत दोन्हींकडून सांगितले जाते. तेही खरेच असते. अखेरच्या पंधरवड्यात जोडणीला आरंभ होतो आणि करारातील प्रत्येक मोघम शब्द आपली किंमत वसूल करतो. मग दोन्हींकडचे एकेक-दोन होतकरू विद्यार्थी रात्री जागून तुटलेले भाग कसेबसे जोडतात, सादरीकरणात प्रणाली चालते, आणि गुण मिळतात.

ह्याला विखुरलेला प्रकल्प म्हणावयाचे काय? हे दोन स्थानिक प्रकल्प झाले, आणि त्यांच्यामध्ये एक पंधरवड्याची दुरुस्ती झाली. अंतर पार करण्याऐवजी टाळले गेले. ह्यात विद्यार्थ्याचा दोष नाही. तो विवेकाने वागला. गुण अखेरच्या सॉफ्टवेअरला आहेत, आणि ते सॉफ्टवेअर कमीत कमी जोखमीत सिद्ध करण्याचा मार्ग हाच आहे. अध्यापकाने एक गोष्ट शिकवावयास घेतली आणि गुण दुसऱ्याच गोष्टीला ठेवले.

५

ह्यावर एक बलवान आक्षेप येऊ शकतो, आणि त्याचा परामर्श घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. आक्षेपक म्हणेल : विद्यार्थ्यांनी केलेली वाटणी हीच तर उत्तम अभियांत्रिकी आहे. कॉनवे सांगतात की, प्रणालीची घडण संपर्काच्या वाटांनुसार होते. मग जेथे संपर्क क्षीण तेथेच प्रणाली विभागावी, हे ओघानेच आले. पार्नास सांगतात की, शेजाऱ्याला कमीत कमी कळावे लागेल असे भाग पाडा. विद्यार्थ्यांनी तेच केले. व्यवसायातही अनुभवी माणूस ह्याहून निराळे करीत नाही. मग तक्रार कशाबद्दल?

हा आक्षेप अर्धा मान्य केला पाहिजे. समुद्राच्या रेषेवर प्रणाली विभागणे हे पुष्कळदा शहाणपणाचे असते. प्रश्न आहे तो त्यामागील विचाराचा. सांधा कोठे बारीक आहे, कोणते निर्णय बदलण्याचा संभव आहे, कोणती माहिती दोन्हींकडे लागणार आहे, ह्याचा विचार करून विभागणी समुद्राच्या रेषेवर आली, तर ती पार्नासांची विभागणी. हा विचार न करता, केवळ समुद्र मोठा आहे म्हणून रेषा तेथे आखली, तर ती सोयीची विभागणी. दोहोंचे नकाशे सारखे दिसतील, अखेरचे सॉफ्टवेअरही कदाचित सारखेच चालेल. परंतु पहिल्या विद्यार्थ्याने विद्या मिळविली आणि दुसऱ्याने मिळविली नाही. हा भेद केवळ सिद्ध झालेल्या वस्तूकडे पाहून ओळखता येत नाही. म्हणून केवळ वस्तूला गुण देणारी पद्धती ह्या विषयाला अपुरी पडते.

आपल्या भाषेतील एक उदाहरण येथे उद्‌बोधक होईल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश हे विखुरलेल्या लेखकांचे काम होते. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. परंतु त्यापूर्वीच, १९७३ साली, परिभाषासंग्रहाचा खंड प्रसिद्ध झालेला होता, आणि त्याचा अनुक्रमांक मात्र अठरावा होता. वाचकाच्या दृष्टीने जो खंड शेवटाकडचा, तो कर्त्यांच्या दृष्टीने आधीचा ठरला; कारण शब्द ठरल्यावाचून निरनिराळ्या गावी बसून लिहिणाऱ्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या नसत्या. वर सांगितलेल्या ‘नोंदणीकृत ग्राहका’ची अडचण हीच आहे. परिभाषा हा सांध्याचा पहिला भाग होय, आणि तिला वेळ द्यावा लागतो.

६

मग सांध्याला गुण द्यावेत कसे? ह्याबाबत काही सूचना येथे मांडतो. त्या अगदी नव्या आहेत असा दावा नाही. परंतु त्या एकत्रितपणे अमलात आणल्या जात नाहीत, असे दिसते.

पहिली सूचना अशी की, करारपत्राच्या अंतिम प्रतीऐवजी त्याच्या इतिहासाचे परीक्षण व्हावे. गिटसारख्या साधनांमुळे प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने केला ह्याची नोंद आपोआप राहते. ज्या गटाचा करार पहिल्या आठवड्यानंतर एकदाही बदललेला नाही, तो गट फार कुशल आहे असे समजण्याऐवजी, त्या कराराकडे कोणी पुन्हा पाहिलेच नसावे, अशी शंका परीक्षकाने घ्यावी.

दुसरी सूचना : सत्राच्या मध्यावर अध्यापकाने प्रकल्पाच्या मागणीत एक बदल करावा, आणि तो असा निवडावा की सांधा ओलांडल्यावाचून पुरा होऊ नये. केवळ पडद्याचा रंग बदलावयास सांगून काही साधत नाही. एका वापरकर्त्याऐवजी अनेकांनी एकाच वेळी एकच नोंद बदलावी, असे सांगितले की दोन्ही बाजूंना आपले गृहीत उघड करावे लागते.

तिसरी सूचना अधिक कठोर आहे. सत्राच्या शेवटच्या तृतीयांशात दोन्ही बाजूंनी आपापले भाग अदलाबदल करावेत. इतरांनी लिहिलेले कोड वाचून, त्यातील एक दोष दूर करून, एक भर घालावी. हे होणार आहे असे पहिल्या दिवशीच जाहीर केले, म्हणजे आपले काम परक्याला समजेल असे लिहिण्याचे कारण विद्यार्थ्याला उत्पन्न होते. नुसत्या उपदेशाने ते होत नाही.

चौथी सूचना न्यायाविषयी आहे. ह्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याचे गुण परक्या देशातील, परक्या गुणपद्धतीखालील माणसाच्या उत्साहावर अवलंबून राहतात. एकाकडे हा विषय सक्तीचा, दुसऱ्याकडे ऐच्छिक. एकाची परीक्षा डिसेंबरात, दुसऱ्याची जानेवारीत. व्यवसायात असेच असते, असे म्हणून अध्यापकाला सुटता येणार नाही. व्यवसायात अशा वेळी वेतन चालू राहते, येथे विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर कायमचा आकडा चढतो. म्हणून ज्या गटाची प्रणाली चालली नाही, परंतु ती कोठे व का तुटली हे जो गट नोंदींच्या आधारे दाखवू शकतो, त्याला उत्तीर्ण होण्याचा, किंबहुना उत्तम गुण मिळविण्याचा, मार्ग मोकळा असला पाहिजे. ह्यामुळे अपयशाची सुंदर वर्णने लिहिण्याची कला तेवढी वाढेल, ही भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय एकच : कथनाला गुण देऊ नयेत, पुराव्याला द्यावेत. प्रश्न कोणत्या तारखेला विचारला, उत्तर केव्हा आले, त्यावर कोणता बदल झाला, हे दाखविता आले पाहिजे.

आज ह्या विचाराला आणखी एक कारण जोडावे लागते. सांगितलेले काम करणारे कोड लिहून देणारी भाषा-प्रतिमाने आता विद्यार्थ्यांच्या हाती आहेत. त्यामुळे चालू स्थितीतील सॉफ्टवेअर हा विद्यार्थ्याच्या ज्ञानाचा पुरावा पूर्वीपेक्षा दुबळा झाला आहे. काय सांगावयाचे, आणि ते दोन्ही बाजूंना एकाच अर्थाने कळले आहे की नाही, हे ठरविण्याचे काम मात्र माणसांकडेच उरले आहे.

७

आपल्या विद्यापीठांचा ह्या चर्चेशी संबंध दूरचा नाही. आपल्याकडून पदवी घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पुणे-मुंबईच्या कंपन्यांत जातात आणि पहिल्याच दिवसापासून अशा अंतराच्या एका टोकाला बसतात. कॅलिफोर्निया आणि पुणे ह्यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो. तिकडचा कामाचा दिवस सुरू होतो तेव्हा येथे रात्र झालेली असते. आणि हे अंतर समपातळीवरचे नसते. वर उल्लेखिलेल्या प्रयोगांत दोन्ही टोकांना विद्यार्थी असतात. दोघांचा अधिकार सारखा, दोघांना नकार देता येतो. सोपविलेल्या कामात एक बाजू मागणी लिहिते व पैसे देते, आणि दुसरी बाजू पुष्कळदा शंका विचारण्यासही संकोचते. न विचारलेली शंका हा सांध्यातील सर्वांत अवघड दोष होय, कारण त्याची नोंद कोठेच नसते. समानांच्या प्रकल्पातून ही गोष्ट पूर्णपणे शिकविता येणार नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा आहे. ‘डोस’ने बाहेर सोपविलेल्या कामाचा निर्देश नावातच केला, ह्याचे महत्त्व ह्यासाठी. निदान भूमिका पाळीपाळीने बदलून, प्रत्येक बाजूला एकदा ग्राहकाच्या व एकदा कर्त्याच्या जागी बसविणे शक्य आहे.

ह्यासाठी परदेशी सहभागी विद्यापीठ मिळालेच पाहिजे असेही नाही. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे वर्ग बंद झाले, तेव्हा आपल्याकडील अंतिम वर्षाचे प्रकल्प पाहता पाहता विखुरलेले झाले. विद्यार्थी आपापल्या गावी होते आणि काम चालू ठेवावे लागत होते. त्या अनुभवाचा अभ्यासक्रम आपण बनविला नाही. वर्ग उघडताच तो एक आपत्ती म्हणून विसरून गेलो. कोल्हापूर आणि नागपूर येथील दोन महाविद्यालयांनी ठरविल्यास असा प्रकल्प अल्प खर्चात उभा राहू शकेल. घड्याळाचे अंतर तेथे नाही हे खरे. परंतु एका बाजूने केवळ सकाळी व दुसरीने केवळ रात्री काम करावे, आणि अधल्या वेळात संपर्क साधू नये, असा नियम करून तेही निर्माण करता येते. परिभाषा मराठीत ठरविण्याचा प्रसंग आला, तर दोन्हींकडच्या विद्यार्थ्यांना आपल्या संकल्पना तपासून पाहण्याची एक जास्तीची संधी मिळेल.

सारांश, ह्या क्षेत्रातील आद्य प्रयोगांनी विद्यार्थ्याला अंतराच्या काठावर आणून उभे केले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. रूनस्टोनच्या अध्यापकांनी निवडलेला चक्रव्यूह, झाग्रेब-व्हेस्टेरोसची दुहेरी नायकांची योजना आणि झ्युरिकची करारनिष्ठ रचना ह्या तिन्हींत सांध्याची जाण आहे. उणीव आहे ती परीक्षणात. काय शिकवावयाचे हे अध्यापकाला पुष्कळ अंशी कळले आहे. त्याची गुणपत्रिका मात्र अद्याप जुन्याच विषयाची आहे. ती बदलेपर्यंत विद्यार्थी समुद्र टाळीतच राहतील, आणि तसे करण्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.